हातावरचं दही

माझ्या उजव्या मूत्रपिंडात खडा आहे हे कळलं तेव्हा मला आधी भीती वाटली नाही, थोडा मोठेपणाच वाटला. शाळामास्तराच्या पोटात भूक सोडून दुसरं काही नसतं, असं मोखाड्यातल्या लोकांचं ठाम मत होतं. आता निदान सुपारीएवढा खडा तरी निघाला. नाशकाला काढलेला एक्स-रे जव्हारच्या डॉक्टरांनी खिडकीच्या उजेडात धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "गुरुजी, हे कुळथाच्या कढणानं जाणारं प्रकरण नाही. बरगडीखाली चिरून काढावं लागेल."

तेव्हा मात्र भीती वाटली.

कुळथाचं कढण मी सबंध पावसाळा प्यालो होतो. मोखाड्यात मुतखड्यावर औषध माहीत नाही असा माणूस नव्हता. कोणी पानफुटीची पानं आणून द्यायचं, कोणी गोखरूचा काढा, कोणी नुसतंच "उड्या मारा गुरुजी, खाली उतरेल" म्हणायचं. मी उड्याही मारल्या. शाळेच्या मागे, कोणी पाहत नाही असं समजून मारल्या, आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत अख्खी तिसरी तशाच उड्या मारताना दिसली.

शस्त्रक्रिया करणारे सर्जन नाशकाहून यायचे, तेही महिना-दीड महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी. तोवर मी जव्हारलाच राहावं असं डॉक्टरांचं म्हणणं पडलं. अंगात रक्त नाही, वजन नाही, अशा अंगाला सर्जन हात लावणार नाहीत, आणि रोज सुई टोचायला मोखाड्याहून जव्हारला यायचं तर त्या घाटातल्या बसनं मी आधीच खलास व्हायचो. म्हणून मी जव्हारात बिऱ्हाड केलं. बायकोला सांगितलं, काही तपासण्या आहेत, वेळ लागेल. ऑपरेशनचा शब्द काढला नाही. घरी दोन लहान मुलं आणि माझी आई, हे सगळं टाकून बायकोनं यायचं म्हटलं असतं. शिवाय आपण एकटे संकटाला सामोरे गेलो, हे तिला मागाहून कळावं, अशीही माझी एक योजना होती. अशा योजना मी आयुष्यात पुष्कळ केल्या.

आता मोखाड्याच्या माणसानं जव्हारात राहायचं म्हणजे थोडं खाली पाहून राहायचं. आम्ही पूर्वीपासून खालसा मुलखातले, इंग्रजांच्या राज्यातले. जव्हार म्हणजे संस्थान. विलीनीकरण होऊन काही वर्षं झाली होती, दोघांनाही आता ठाण्याच्याच कलेक्टराचा धाक होता, पण जव्हारकरांच्या बोलण्यातून दरबार गेला नव्हता. "आमच्याकडे सरकारांच्या वेळी" असं म्हणून ते वाक्य सुरू करायचे, आणि आम्हाला काय, आमच्याकडे कोणाच्याच वेळी काही नव्हतं.

मी ज्या घरात उतरलो तिथली बाई तर दर चार वाक्यांमागे दरबारात जायची. तिचे यजमान संस्थानच्या फडावर कारकून होते. "संस्थान गेलं त्याच साली हेही गेले," ती सांगायची, आणि दोन्हींचं दुःख एकाच सुरात सांगायची, त्यामुळे कुठलं जास्त ते कळायचं नाही. मूलबाळ नव्हतं. पन्नाशीची असेल, कपाळ मोकळं, नेसूचं लुगडं नेहमी फिकं. ओटीवरची एक खोली तिनं मला दिली आणि दोन वेळचं जेवणही. मी तिला मावशी म्हणू लागलो.

मावशीच्या हाताला चव होती. मला रक्त भरायचं म्हणून नागलीची भाकरी, त्यावर लोण्याचा गोळा, शेवग्याच्या पाल्याची भाजी, रात्री दूध. आणि जेवणाच्या शेवटी वाटीभर घट्ट दही, सुरीनं कापावं असं. रोज रात्री ती विरजण लावायची आणि लावताना बोलायची नाही. बोललं की दही पातळ होतं, म्हणायची. मी शास्त्र शिकवणारा माणूस, मी तिला दुधातल्या जंतूंविषयी दोन गोष्टी सांगितल्या. तिनं ऐकून घेतल्या आणि तोंड मिटून विरजण लावलं.

एकच गोष्ट मला खटकायची. सकाळी मी सुई टोचून घ्यायला दवाखान्यात निघालो की मावशी गडप. एरवी ओटीपर्यंत येऊन बोलणारी बाई, पण मी वहाणा पायात घालायला लागलो की स्वयंपाकघराच्या दाराआड. मी हाक मारली तर आतूनच हूं म्हणायची. पहिले काही दिवस मला वाटलं, हिला माझ्या रोगाची किळस येते. मी मुतखडा संसर्गजन्य नसतो या विषयावर जेवताना मोठ्यानं बोलू लागलो. शेवटी एकदा तीच म्हणाली, "अहो गुरुजी, तुम्ही दुखणाईत माणूस, दवाखान्याला निघता. सकाळी सकाळी माझं तोंड कशाला आडवं? कोणी कुठे निघालं की मी आतच असते. सवयच आहे."

हे तिनं भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं सांगितलं. मी मात्र हातातला घास ताटात परत ठेवला. तिला आपली किळस येते असं समजून रुसून बसलो होतो, त्याचीही लाज वाटली. पण माझा स्वभाव असा, की लाज वाटली की मला भाषण सुचतं. दर पंधरा ऑगस्टला मोखाड्यात रूढींच्या बेड्या तोडण्यावर बोलणारा वक्ता मीच होतो. श्रोते दरवर्षी तेच, बेड्याही त्याच. इथे तर समोर एक खरीखुरी बेडी मिळाली. मी मावशीला पुष्कळ ऐकवलं. तिनं ताट उचललं आणि म्हणाली, "असेल हो. दूध गरम आहे तोवर घ्या."

मधल्या काळात माझं वजन वाढवणं चालू होतं. दवाखान्यातला काटा बिघडलेला, म्हणून डॉक्टरांनी मला बाजारात एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे पाठवलं. त्यानं भाताची पोती जोखायच्या मोठ्या तागडीच्या एका पारड्यात मला बसवलं आणि दुसऱ्यात भात टाकायला लावला. बाजाराचा दिवस. जामसरहून भात घेऊन आलेले लोक गोळा झाले. त्यातला एक म्हातारा बराच वेळ पाहून व्यापाऱ्याला म्हणाला, "शेट, ह्या गुर्जीला कुनी इकत घेतला?" व्यापारी म्हणाला, "अजून नाही, भरायचा बाकी आहे." मी पारड्यात मांडी घालून गंभीर चेहऱ्यानं लोंबकळत होतो. पण भात थोडा जास्त लागला, म्हणजे अंगी लागत होतं.

सर्जन येण्याचा दिवस जवळ आला. डॉक्टरांनी मला बजावून सांगितलं, "आदल्या रात्री हलकं खायचं. सकाळी पोटात काही जाता कामा नये. क्लोरोफॉर्म द्यायचा आहे, ओकारी झाली तर श्वासात जाईल आणि जीव जाईल. समजलं?" मी हसलो. मी शिक्षक होतो, मला समजलं का म्हणून विचारण्याची पद्धत नव्हती. घरी येऊन मी मावशीला सांगितलं, उद्या सकाळी चहा नको. नाश्ता नको. का नको ते मात्र सांगायचं राहिलं. शास्त्राच्या इतर सगळ्या गोष्टी तिला सांगितल्या होत्या, तेवढी एक राहिली.

सकाळ उजाडली. मी स्नान केलं, धुतलेलं धोतर नेसलो. त्याचा काष्टा दोनदा सुटला, आणि तो थंडीनं सुटतोय असं मी स्वतःला सांगत होतो. घर आठवलं. कुठेही महत्त्वाच्या कामाला निघालो की बायको हातावर दही घालायची. परीक्षेला, बदलीच्या अर्जाला, अगदी शाळा तपासायला साहेब यायचे त्या दिवशीसुद्धा. दही घ्यायचं, चाटायचं, मागे न पाहता निघायचं. आज मी पोट फाडून घ्यायला निघालो होतो आणि हातावर दही घालायला कोणी नव्हतं. मला एकाएकी फार एकटं वाटलं. सांगून टाकायला हवं होतं तिला, असं वाटलं.

मावशी अर्थात दाराआड होती. तिच्या पदराचा काठ फटीतून दिसत होता. आणि तो काठ पाहिल्याबरोबर माझ्यातला पंधरा ऑगस्ट जागा झाला.

"मावशी," मी म्हणालो, "बाहेर या. माझ्या हातावर दही घाला."

पदराचा काठ फटीतून आत ओढला गेला.

"तुमच्या हातचं दही घेतल्याशिवाय मी या ओटीवरून उतरणार नाही. मेलो तर तुमच्या हातचं खाऊन मरेन."

शेवटचं वाक्य मी घालायला नको होतं, पण बोलताना मला छान वाटलं. मग दार सरकलं. मावशी वाटी घेऊन आली. "नको हो गुरुजी, शेजारच्या काकूंना बोलावते," ती म्हणाली. मी हात पुढे केला तो मागे घेतला नाही. तिनं पळीभर दही माझ्या तळव्यावर घातलं आणि डोळ्यांना पदर लावला. "किती वर्षांत कोणाला घातलं नव्हतं," एवढंच बोलली. मी दही खाल्लं. तळवा चाटूनपुसून स्वच्छ केला. ओटी उतरलो तेव्हा आपण ऑपरेशनला चाललो आहोत हे मी विसरलो होतो. आपण समाजसुधारणा करून चाललो आहोत, एवढंच डोक्यात होतं.

दवाखान्यात नर्सबाईंनी विचारलं, "सकाळपासून काही खाल्लं?"

"नाही," मी म्हणालो. आणि अभिमान वाटत होता म्हणून पुढे म्हणालो, "फक्त दही."

नर्सबाई तशाच आत गेल्या. आतून सर्जन बाहेर आले. उंच माणूस, हाताला साबण लागलेला. "किती?" त्यांनी विचारलं. मी तळहात दाखवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून नेमकं कोणी केलं नसेल. ते आमच्या डॉक्टरांकडे वळून इंग्रजीत काहीतरी बोलले, त्यातलं मला निम्मंच कळलं आणि तेवढं पुरेसं होतं. त्यांना आणखी दोन रोगी करायचे होते, मग लगेच नाशिक गाठायचं होतं. माझं ऑपरेशन पुढच्या खेपेला ढकललं.

मी परत आलो तेव्हा मावशी देवापुढे बसली होती. मला दारात उभा पाहून तिचा चेहरा पांढरा पडला. मी हसत हसत सगळं सांगितलं. चूक माझी, डॉक्टरांनी बजावलं होतं, मी मूर्ख, वगैरे. ती हसली नाही. सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे दह्यानंच अडलं."

"दह्यानं नव्हे हो मावशी, पोटात काहीही असतं तरी अडलं असतं. माझ्या बायकोनं घातलं असतं तरी हेच झालं असतं."

"पण घातलं मी," ती म्हणाली.

मी जंतूंपासून क्लोरोफॉर्मपर्यंत सगळं शास्त्र तिच्यापुढे मांडलं, आणि ते सगळं त्या तीन शब्दांनी पुसून निघालं. त्या दिवसापासून मावशी ओटीवर यायची बंद झाली. माझं ताट दाराशी ठेवून आत जायची. स्वयंपाकालाही शेजारच्या काकूंना बोलावू लागली, कारण माझ्या पोटात जायचं ते अन्न सवाष्णीच्या हातचं असावं. ताटात दही नसायचं. एकदा मागितलं तर आतून आवाज आला, "या घरात विरजण लावायचं मी सोडलंय." करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. तिची सवय होती तोवर ती निदान सवय होती. मी येऊन तिला पुरावा दिला.

चार-सहा दिवसांत बायको येऊन थडकली. जव्हारहून सुटलेली बातमी बसच्या ड्रायव्हरबरोबर मोखाड्याला पोचली होती, आणि तिथे पोचेपर्यंत ती अशी झाली होती, की गुरुजींनी टेबलावर दही मागितलं आणि सर्जन रागावून निघून गेले. ती ओटीवर चढली, पिशवी ठेवली आणि मला अर्धा तास बोलली. ते इथे सांगत नाही. सगळं खरं होतं. मग दह्याची खरी हकिकत ऐकल्यावर हसायला लागली. हसता हसता तिचं लक्ष आत गेलं. मावशी चुलीपाशी पाठ करून बसली होती. बायकोचं हसू थांबलं. ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

बाहेर आली ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही आता मरू नका. माझं मी बघेन, पण तुम्ही मेलात तर ही बाई जन्मभर स्वतःच्या हाताकडे बघत बसेल."

माझ्या बायकोला असं एका वाक्यात बोलता येतं. मला भाषण लागतं.

त्यानंतर गंमत संपली. खड्यानं जागा बदलली की काय कोण जाणे, कळा सुरू झाल्या आणि थंडी वाजून ताप भरू लागला. डॉक्टर घरी येऊन पाहून गेले. लघवीत पू आहे म्हणाले, मूत्रपिंड वाचेल की नाही सांगता येत नाही, सर्जन लवकर यायला हवेत. माझ्या उशाशी बायको बसायची आणि दाराआड मावशी. तापात मी कण्हलो की आतल्या बांगड्या नसलेल्या हाताची काही चाहूल लागायची नाही, पण ती तिथे आहे हे मला कळायचं. आणि मला मरायची भीती वाटायची ती आता माझ्यासाठी कमी आणि तिच्यासाठी जास्त होती. असं लिहिलं की फार थोर वाटतं. खरं सांगायचं तर दोन्हींसाठी वाटायची, पण तिच्यासाठी वाटते असं म्हटलं की ती सोसायला सोपी जायची.

सर्जन ठरल्यापेक्षा आधी आले. डॉक्टरांनी तार केली होती. या वेळी माझ्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता, बायको रात्रीपासून पाण्याच्या तांब्यावर पहारा देऊन बसली होती. टेबलावर घेतल्यावर नर्सबाईंनी तोंडावर क्लोरोफॉर्मची जाळी धरली आणि आकडे म्हणायला सांगितलं. मला नुसते आकडे म्हणणं कमीपणाचं वाटलं. मी औटकी, म्हणजे साडेतिनाचा पाढा, म्हणायला घेतली. मागाहून नर्सबाई सांगत होत्या, की मी मध्येच चुकलो, थांबलो आणि स्वतःलाच "हात पुढे कर" म्हणालो. हात पुढे करून छडी खायची की दही, ते मला आठवत नाही.

खडा निघाला, मूत्रपिंड वाचलं. तो खडा सर्जनांनी बाटलीत घालून दिला. तो मी पुढे कित्येक वर्षं लोकांना दाखवला, आणि प्रत्येकाला तो अपेक्षेपेक्षा लहान वाटला.

टाके निघेपर्यंत मी दवाखान्यात होतो. बायको मावशीकडे राहायची, तिथून पेज घेऊन यायची. मावशी दवाखान्यात एकदाही आली नाही. "रोज एकच विचारतात," बायको सांगायची, "ताप आहे का. नाही म्हटलं की देवापुढे जाऊन बसतात."

बसनं प्रवास करायची परवानगी मिळाली त्या दिवशी आम्ही मावशीच्या घरून निघालो. वळकटी बांधली, पिशव्या ओटीवर ठेवल्या. मावशी दाराआड. पदराचा काठ फटीत. मी तोंड उघडलं, तर बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मिटलं. ती ओटीच्या पायरीवर बसली आणि आत ऐकू जाईल इतपत आवाजात मला म्हणाली, "बसा. बस गेली तर उद्याची आहे."

आम्ही बसलो. शेजारच्या काकू बाहेर येऊन पाहू लागल्या. तिकडे स्टँडवर बसनं भोंगा दिला, पुन्हा दिला. मी काही बोललो नाही. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात मोठं न केलेलं भाषण.

दार सरकलं. मावशी वाटी घेऊन बाहेर आली. वाटीत दही होतं, घट्ट, सुरीनं कापावं असं. या घरात विरजण नव्हतं. म्हणजे कालच शेजारून मागून आणून, तोंड मिटून, तिनं ते रात्री लावलं होतं. ती आली होती ती आम्ही बसून राहिलो म्हणून नव्हे.

तिनं पळी उचलली आणि थांबली. काकूंकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"डाक्तरांना विचारलंत ना, गुरुजी?" ती म्हणाली. "आज चालतंय ना पोटात काही?"

चालतंय म्हणालो, आणि हात पुढे केला.